देलाक्रुआच्या 'मोरोक्कोतील ज्यू विवाह' या चित्रात नवरी कुठे आहे?

छायाप्रकाश

फ्रेंच चित्रकार देलाक्रुआच्या 'मोरोक्कोतील ज्यू विवाह' (लूव्र संग्रहालय, तैलरंग, १०५ × १४०.५ सेंमी) या चित्राचा ४५ × ६० सेंमीच्या कॅनव्हासवर सराव चालू आहे. त्यासोबत अर्ध्या तासाचं रसग्रहणपर टिपणही करायचं आहे. चार जागी अडलंय.

१. चित्रात नवरी नाही, नवरदेव नाही, मंडप नाही, रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरूही नाही. अंगणात वादक बसलेत, एक बाई नाचतेय, बाकीचे बघताहेत. मग शीर्षक चित्रकाराचंच की मागाहून कुणी चिकटवलेलं?

२. लग्न पाहिलं १८३२ मध्ये आणि चित्र सलाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, लागलं १८४१ मध्ये. इतक्या वर्षांनी काढलेल्या तपशिलांवर किती विसंबायचं?

३. मधली मोठी पांढरी भिंत माझ्याकडून चुना फासल्यासारखी होते आणि तिच्यावरची सावली मळकट दिसते.

४. हे लग्न दुभाषा बेनशिमोल याच्या मुलीचं होतं असं काही ठिकाणी वाचलं. लिहावं का?

दप्तरखाना

शीर्षक त्याचंच आहे, आणि नवरी का नाही हेही त्यानेच सांगून ठेवलंय. १८४१ च्या सलाँच्या सूचीत चित्रासोबत त्याचा मजकूर छापला होता. त्याचा आशय असा: मूर (म्हणजे तिथले मुस्लिम) आणि ज्यू एकमेकांत मिसळून बसले आहेत. नवरी आतल्या खोल्यांत बंद आहे आणि बाकीच्या घरात आनंदसोहळा चालू आहे. प्रतिष्ठित मूर वादकांना पैसे देतात. वादक रात्रंदिवस न थांबता वाजवतात आणि गातात. नाचात फक्त बायकाच भाग घेतात, एकीमागून एक, आणि जमलेले लोक टाळ्या वाजवून दाद देतात.

म्हणजे नवरी चित्रात राहून गेलेली नाही. ती भिंतीपलीकडे आहे, आणि चित्र भिंतीच्या अलीकडचं आहे. टिपणाची सुरुवात इथूनच करा, कारण ही एक गोष्ट कळली की मधला तो मोठा पांढरा भाग 'रिकामा' वाटेनासा होतो.

जानेवारी १८४२ च्या 'मागाझँ पितोरेस्क' या सचित्र मासिकात त्याने या लग्नावर स्वतंत्र लेखही लिहिला. चित्रात नसलेली नवरी तिथे भेटते: रंगवलेला चेहरा, मिटलेले डोळे. भोवताली एवढा गलबला असून तिने कशाचीच जाणीव नसल्यासारखं बसायचं असतं, आणि पुढे नवऱ्याच्या घरी जातानाही डोळे उघडायचे नसतात. चित्र, सूचीतला मजकूर आणि हा लेख अशी तीन साधनं एकाच माणसाची आहेत. ती शेजारी ठेवून वाचा.

आता तो तिथे पोचला कसा. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जिअर्स घेतल्यावर शेजारच्या मोरोक्कोशी बोलणी करणं गरजेचं झालं. राजा लुई-फिलिपने काउंट शार्ल द मोर्नेला सुलतान मुले अब्द अर-रहमानकडे पाठवलं आणि देलाक्रुआ त्याच्यासोबत गेला. जानेवारी १८३२ मध्ये ते तूलोंहून 'ला पेर्ल' जहाजाने निघून त्याच महिन्याच्या अखेरीस मोरोक्कोतल्या टँजिअर बंदरात उतरले. पण सुलतान होता मेकनेसला, आणि रमजान संपल्याशिवाय तिकडे निघता येईना. कूच झालं ते मार्चच्या सुरुवातीला. या सक्तीच्या मुक्कामात, २१ फेब्रुवारीला, त्याने हे लग्न पाहिलं. रमजान आड आला नसता तर हे चित्रही कदाचित झालं नसतं.

आणखी एक कारण. मुस्लिम घरांत परक्या पुरुषाला बायकांची चित्रं काढणं जवळपास अशक्य होतं. ज्यू घरांत प्रवेश मिळाला तो फ्रेंच दूतावासाचा दुभाषा अब्राहम बेनशिमोल याच्यामुळे. त्याची बायको सादा आणि मुलगी प्रेसियादा यांचं देलाक्रुआने केलेलं जलरंगचित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

सातवा दिवस

विधीच्या बाजूने थोडी भर.

ज्यू विवाहात कायद्याने महत्त्वाच्या गोष्टी मोजक्या आहेत: दोन साक्षीदारांसमोर वराने वधूला अंगठी देणं (ती सहसा उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात), केतुबा म्हणजे विवाहाचा करारनामा, आणि द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हटले जाणारे सात आशीर्वाद, ज्यांसाठी दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. हे सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं. पण लग्न तेवढ्यात संपत नाही. नंतर सात दिवस मेजवान्या चालतात आणि मोरोक्कोत आधीचे दिवसही तितकेच गजबजलेले असतात. त्यामुळे 'विवाह' या शब्दाखाली अंगठीचा क्षणच दिसला पाहिजे ही अपेक्षाच चुकीच्या जागी लागते.

तो क्षण चित्रात हवा असेल तर योझेफ इस्राएल्सचं १९०३ चं 'ज्यू विवाह' (राइक्सम्युझियम, ॲमस्टरडॅम) बघा. नवरा नवरीच्या तर्जनीत अंगठी घालतोय आणि दोघांच्या डोक्यावर तल्लीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, पांघरलेली आहे. तीच त्यांचा मंडप. इस्राएल्स स्वतः ज्यू होता, ग्रोनिंगेनमध्ये जन्मलेला, आणि त्याची जागा त्या शालीच्या अगदी जवळ आहे. देलाक्रुआ पाहुणा आहे. अंगणात बसवलेल्या पाहुण्याला जे दिसतं ते त्याने काढलं. ही दोन चित्रं लागोपाठ दाखवलीत तर फरक वेगळा समजावावा लागणार नाही.

टँजिअरच्या ज्यूंबद्दल दोन गोष्टी टिपणात असू द्या. तिथले बरेचसे ज्यू १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्यांचे वंशज होते आणि हाकेतिया ही स्पॅनिश वळणाची भाषा बोलत. दुसरी, मोरोक्कोतल्या इतर मोठ्या शहरांत ज्यूंची वस्ती 'मेल्ला' या वेगळ्या मोहल्ल्यात असे, टँजिअरमध्ये तसा मेल्ला नव्हता. सूचीतलं 'मूर आणि ज्यू मिसळून बसले आहेत' हे वाक्य या पार्श्वभूमीवर वाचा.

पोशाखासाठी शोधायचा शब्द 'केस्वा एल-क्बिरा', शब्दशः 'थोरला पोशाख': मखमली, सोनेरी गोटा लावलेला, गुंडाळून नेसायचा घागरा, आखूड जाकीट आणि वेगळ्या लावलेल्या रुंद झिरझिरीत बाह्या. उत्तर मोरोक्कोत लग्नाआधीच्या 'बेर्बेरिस्का' रात्री नवरीला हा पोशाख चढवतात. विवाहित बाई केस झाकते, म्हणून डोक्याचे रुमाल आणि पट्ट्या नीट बघा. चित्रात कोण कोण आहे याचा थोडा अंदाज त्यांवरून येतो.

छायाप्रकाश

दोघांचेही आभार. पहिला प्रश्न सुटला. पण दुसरा आहे तिथेच आहे. पाहिलं फेब्रुवारी १८३२ मध्ये, लूव्र चित्राचा काळ देतं साधारण १८३७ ते १८४१. मधल्या वर्षांत हाताशी काय होतं?

दप्तरखाना

वह्या होत्या. प्रवासात त्याने रेखाटनं, जलरंग आणि शब्द यांनी वह्या भरल्या. त्यांतल्या काही लूव्रमध्ये आणि एक फ्रान्समधल्याच शांतियीच्या म्युझे काँदे या संग्रहालयात आहे. शिवाय रोजनिशीत २१ फेब्रुवारीची या लग्नाची नोंद आहे. ती वाचल्याशिवाय या चित्रावर लिहू नका. ती वर्णन म्हणून लिहिलेलीच नाही. चित्रकाराने स्वतःसाठी केलेली रंगांची यादी आहे.

काही तुकडे मराठीत देतो. व्हायोलिनवाला: अंगठा वर, दुसऱ्या हाताची खालची बाजू गडद सावलीत, मागे उजेड, डोक्यावरचा हाईक (अंगाभोवती गुंडाळायचं लांब वस्त्र) जागोजागी पारदर्शक. गिटारवाला: कमरेपाशी फार गडद, लाल बंडी, तपकिरी गोंडे-कशिदा, मानेमागे निळा, शेजारी हिरवं लाकूडकाम, मानेवर चामखीळ, नाक आखूड. व्हायोलिनजवळ एक देखणी ज्यू स्त्री, बंडी आणि बाह्या सोनेरी व अमरांथ (राजगिऱ्याच्या तुऱ्याचा लाल-जांभळा), अर्धी दारावर उठून दिसते, अर्धी भिंतीवर. डावीकडच्या बायका फुलांच्या कुंड्यांसारख्या एकीवर एक रचलेल्या. पांढरा आणि सोनेरी यांचं प्राबल्य, रुमाल पिवळे. जमिनीवर पुढे मुलं. वर वाकून बघणाऱ्या ज्यू बायका. कोपऱ्यात वाकड्या दाढीचा म्हातारा मूर. सावल्या परावर्तनाने भरलेल्या, 'सावलीतही पांढरा'.

प्रत्येक वाक्यात 'काय कशावर उठून दिसतं' हे आहे. नऊ वर्षांनी उपयोगी पडतं ते हेच. नाक कसं होतं हे विसरलं तरी चालतं, मॉडेल बसवता येतं. सोनेरी बाही पांढऱ्या भिंतीवर होती की हिरव्या दारावर, हे विसरलं तर परत मिळत नाही.

तपशिलांवर किती विसंबायचं, याचं उत्तर त्याच्याच १७ ऑक्टोबर १८५३ च्या नोंदीत आहे. तो म्हणतो, आफ्रिकेच्या प्रवासातून काही बरं घडू लागलं ते बारीकसारीक तपशील विसरल्यावर, फक्त ठळक आणि काव्यमय बाजू आठवणीत उरल्यावर; तोवर अचूकतेचा सोस पाठीस लागला होता आणि बहुतेकांना तेच सत्य वाटतं. म्हणून रंग, उजेड, बसण्याची रीत, वाद्यं, कोण नाचतं आणि कोण पैसे देतं यासाठी चित्र विश्वसनीय धरा. अंगणाचा नकाशा, माणसांची संख्या, कोण कुणाशेजारी बसलं होतं, यासाठी नको. ती मांडणी स्टुडिओतली आहे.

खडू आणि कोळसा

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. भिंत जमली की चित्र जमलं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी माप. वरचा अर्धा सेंमी सोडला तर १०५ × १४० चं ४५ × ६० करताना गुणक बरोबर ३/७ येतो, प्रमाण हलत नाही. कॅनव्हासवर १५ सेंमीचे चौकोन पाडा, ३ × ४. मूळ चित्रावर तो चौकोन ३५ सेंमीचा. गर्दीच्या भागात ७.५ सेंमीचे उपचौकोन करा. भिंतीच्या भागात करू नका, तिथे रेषा जास्त झाल्या की हात आखडतो.

कॅनव्हास पांढरा ठेवू नका, बहुधा तुमची पहिली अडचण तिथेच आहे. पांढऱ्यावर पांढरी भिंत रंगवताना तुलना करायला काहीच उरत नाही आणि माणूस ट्यूबमधला पांढरा फासत सुटतो. यलो ऑकर आणि थोडा बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मध्यम छटेचा हात द्या, कापडाने पुसून घ्या, पूर्ण वाळू द्या.

मग उजेडाची शिडी ठरवा. काळा ० आणि ट्यूबमधला शुद्ध पांढरा १० धरला, तर उन्हातली भिंत ८ ते ८.५ च्या वर नेऊ नका. ९ आणि ९.५ हे हाईक, फेटे, बाह्यांच्या कडा यांच्यासाठी राखून ठेवायचे. भिंतच १० वर गेली की तिच्यासमोरचे पांढरे कपडे करडे वाटू लागतात, मग ते उजळायला जागा नसते, आणि चित्र चुन्यासारखं सपाट होतं. सावलीतली भिंत ५.५ ते ६. आश्चर्य वाटेल इतकी ती उजळ आहे. 'सावलीतही पांढरा' याचा व्यवहारातला अर्थ हाच.

मिश्रण: उन्हातल्या भिंतीला पांढरा १० भाग, यलो ऑकर १ भाग, रॉ अंबर सुईच्या टोकाएवढा. सावलीला काळा अजिबात नको. तुमचा मळकटपणा बहुधा काळ्याचाच किंवा जास्त घोटण्याचा आहे. पांढरा, ऑकर, थोडा अल्ट्रामरीन आणि त्याहून थोडा लाइट रेड घेऊन जांभळट करडा करा. खाली जमिनीकडे येताना त्यात ऑकर वाढवा, कारण तापलेल्या जमिनीवरून आणि कपड्यांवरून पिवळा उजेड सावलीत चढतो. रोजनिशीत जिन्यातल्या माणसाच्या सावलीपाशी 'उजळ पिवळं परावर्तन' असं लिहिलेलं आहे, ते हेच. ही दोन मिश्रणं एकमेकांत घोटू नका. शेजारी शेजारी छोटे फटकारे ठेवा आणि खालचा ऑकर मधूनमधून दिसू द्या. देलाक्रुआची भिंत थरथरते ती या फटींमुळे.

जाडीचा नियम उलटा होऊ देऊ नका: उन्हातला रंग दाट, सावलीतला पातळ. सावलीत रंगाची साय जमली की तिच्यावर उजेड पडून चमकतो आणि सावली जवळ येते.

दोन दिवसांनी सावली फिकी आणि मातकट दिसली तर लगेच रंग बदलू नका. पातळ लावलेल्या भागांतलं तेल शोषलं जाऊन ते मॅट, म्हणजे निस्तेज, होतात. वाळलेल्या भागावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून लगेच पुसा, खरी छटा परत दिसेल, मग ठरवा. हे न करता दुरुस्ती करणारे दर वेळी सावली गडद करत जातात.

हिरव्या लाकूडकामाबद्दल. ट्यूबमधला व्हिरिडियन हा तयार हिरवा थेट लावला तर थंड आणि काचेसारखा दिसतो, शिवाय तो रंग सर्रास मिळू लागला तो १८५९ नंतर. क्रोम किंवा नेपल्स यलोच्या जातीच्या पिवळ्यात पांढरा आणि प्रशियन ब्लूचा थेंब घालून हिरवा करा आणि लाल बंडीच्या लालाचा कण मिसळून शांत करा. प्रशियन ब्लू फार जोरकस आहे. पिवळ्यात निळा घालायचा, निळ्यात पिवळा नाही. हिरव्याशेजारी लाल मोजून ठेवा. या चित्रात लाल थोड्याच जागी आहे, म्हणून तो पोचतो.

गर्दीत सगळे चेहरे पूर्ण करण्याचा मोह टाळा. पाच-सहा नीट करा. बाकीच्यांना नोंदीतल्यासारखा नाकावरचा उजेड आणि फेट्याची कड पुरे. १०५ सेंमी उंचीच्या मूळ चित्रातच डोकी लहान आहेत, तुमच्याकडे ती तीन सप्तमांश होणार.

सातवा दिवस

भिंतीबद्दल पूर्ण सहमत. फक्त एक: नाचणारीच्या पोशाखात सोनेरीसाठी धातूचा रंग वापरू नका. तो एका कोनातून काळा दिसतो. ऑकर, त्यात तपकिरी सावली आणि वर पिवळसर पांढऱ्याचे तुटक ठिपके पुरतात.

काचपेटी

छायाप्रकाश, तुम्ही कुठलं छायाचित्र समोर ठेवून काम करताय ते तपासा. या चित्राची फ्रेंच चित्रकार रेन्वारने १८७५ मध्ये केलेली नक्कल अमेरिकेत वुस्टर आर्ट म्युझियममध्ये आहे. ती उद्योगपती आणि संग्राहक जाँ दॉलफ्यूस याच्यासाठी केली होती. मांडणी तीच, आकारही जवळपास तोच, त्यामुळे जालावर दोन्ही चित्रं एकाच नावाखाली सरमिसळ झालेली दिसतात. ओळखायचं तर कडांकडे बघा: रेन्वारच्या कडा मऊ आणि त्याचा फटकारा जास्त पिसासारखा. आपण देलाक्रुआचा सराव करतोय असं समजून रेन्वारची भिंत काढली जाण्याचा धोका खरा आहे.

दुसरं, जुन्या वॉर्निशमुळे आणि छपाईमुळे पांढरा पिवळट होतो. संगणकावर 'पांढऱ्याची दुरुस्ती' केली की भिंत निळसर होते आणि वरच्या मिश्रणांचा हिशेबच चुकतो. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं चित्र घ्या, ते न बदलता वापरा आणि पडद्याचा उजेड मध्यम ठेवा.

छायाप्रकाश

रेन्वारचीच प्रत समोर होती! बदलली. ऑकरचा हात देऊन नव्याने सुरुवात करतोय. आता चौथा प्रश्न, आणि एक पाचवा: चित्राखाली वाद्यांची नावं 'व्हायोलिन, गिटार, डफ' अशी लिहू का?

दप्तरखाना

बेनशिमोलच्या मुलीचं लग्न असं लिहू नका. रोजनिशीच्या त्या नोंदीत प्रेसियादा येते ती जिन्याच्या दाराशी, जांभळट रुमाल डोक्यावर आणि गळ्याखाली बांधलेली, बघ्यांमध्ये. नवरी म्हणून नाही. 'बेनशिमोलच्या ओळखीमुळे देलाक्रुआ ज्यू घरांत जाऊ शकला' इतकं लिहिलंत तर कुणाला खोडता येणार नाही.

वाद्यांची नावं त्याच्या नोंदीत 'व्हायोलिन' आणि 'गिटार' अशी आहेत, पण ते फ्रेंच माणसाच्या तोंडी आलेले शब्द आहेत. मोरोक्कोत व्हायोलिन मांडीवर उभं धरून वाजवायची रीत आहे, आणि छेडायच्या वाद्याला तो गिटार म्हणतो म्हणून ते स्पॅनिश गिटारच असेल असं नाही. 'गजाने वाजवायचं वाद्य, छेडायचं तंतुवाद्य आणि डफ' असं लिहा. डफाबद्दल शंका नाही. नोंदीत डफवाले दोन आहेत, एक गिटारवाल्याशेजारचा आणि एक पुढे जमिनीवर बसलेला म्हातारा, फाटका जेलाबा (सैल लांब झगा) घातलेला, रुमालाखालून काळी टोपी दिसणारा.

खरेदीचीही ओळ हवी असेल तर: सलाँनंतर चित्र ड्यूक ऑफ ऑर्लेआँने घेऊन पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग संग्रहालयाला दिलं. तिथे हयात चित्रकारांची कामं ठेवत. देलाक्रुआ १८६३ मध्ये वारला आणि पुढे ते लूव्रमध्ये आलं.

खडू आणि कोळसा

नवा कॅनव्हास करताय तर वादकांआधी भिंत पूर्ण करा, उन्हाची आणि सावलीची दोन्ही, किमान पहिल्या हाताची. त्या वाळल्यावर हाईकचे पारदर्शक भाग पातळ पांढऱ्याने भिंतीवरूनच ओढता येतात. ओल्या भिंतीवर ओढलेत तर खालचा ऑकर वर येतो आणि कापड मळलेलं दिसतं.